उद्यापनानंतरचे किलो

बुलढाण्यात राहून वजन वाढवणं तसं अवघड आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेलं हे गाव. भाजीला निघा की देवळात, वाटेत चढ नाहीतर उतार लागतोच. खाली मलकापूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा इथे संध्याकाळी वारं खात फिरता येतं. हे सगळं फुकट मिळत असताना मी स्कूटी घेतली, बँकेच्या कॅश काउंटरमागची खुर्ची धरली आणि लग्नात ५१ किलोची असलेली मी पंचेचाळिशी येईतो ७६वर गेले. उंची १५५ सेंटिमीटर. आपल्या लोकांसाठी बीएमआयची मर्यादा २३ धरतात, त्या हिशेबाने माझं वजन ५५च्या आसपास असायला हवं होतं.

आमच्या जिल्ह्यात माणूस एकतर घाटाखालचा असतो, नाहीतर घाटावरचा. माझं माहेर घाटाखाली, नांदुऱ्याला, जिथे महामार्गाला लागून तो १०५ फुटी हनुमान उभा आहे. सासर घाटावर. माहेरून मी तर्रीची सवय आणली, सासरी दुधातुपाची लागली, आणि दोन्हींपैकी एकही सोडली नाही.

वजन का हटत नाही, याची कारणं मी वर्षानुवर्षं निरनिराळी सांगत आले. थायरॉइड असेल. पाळी जायचं वय आहे. आमच्या घराण्यातच हाडं जाड. थायरॉइड तपासलं, नॉर्मल निघालं, तरी दोष त्याच्याच माथी मारत राहिले. खरं कारण कळायला मात्र डोक्यावरचे केस गळायला लागावे लागले.

ते कारण असं, की मी प्रत्येक डाएट व्रतासारखं धरलं. मुहूर्त पाहून सुरू करायचं: सोमवारी, एक तारखेला, पाडव्याला. काय चालतं आणि काय चालत नाही याच्या याद्या फ्रिजवर चिकटवायच्या. एखाद्या दिवशी हातून पेढा खाल्ला गेला की ‘मोडलं’ म्हणायचं, आणि मोडलंच आहे तर आज पोटभर खाऊन घेऊ, सोमवारी पुन्हा धरू. सगळ्यात वाईट म्हणजे, धरतानाच उद्यापनाची तारीख ठरलेली असायची. कुणाचं लग्न, शाळेच्या मैत्रिणींचा मेळावा, दिवाळी. आणि उद्यापन म्हटलं की जेवणावळ आलीच.

पहिलं तर खरंखुरं व्रतच होतं. शेगाव जवळ असल्यामुळे आमच्याकडे गुरुवार करणारी माणसं घरटी सापडतात. सासूबाई करतातच, मीही धरला, पण मनात गजानन महाराजांपेक्षा वजनकाटा जास्त होता. आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं ठेवायचं, एवढा साधा विचार. प्रत्यक्षात सकाळी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, त्यात मूठभर दाण्याचा कूट आणि वर तूप. दुपारी उपवासाचा चिवडा, चार वाजता केळं आणि राजगिऱ्याचा लाडू, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, प्रथिनं नावापुरतीही नाहीत. तेलतूप-कूट धरलं तर ती एक ताटली पाच-सहाशेवर सहज जाते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मी लहानपणापासून दुसऱ्यांना लावत आले होते. गंमत म्हणजे महाराजांना आवडायची ती पिठलं-भाकर, ठेचा आणि कांदा. तेच गुरुवारी खाल्लं असतं तर वजनाचं काही भलं झालं असतं.

२०१८च्या सुमाराला आमच्या शाखेत दोन गट पडले. एक दीक्षितवाले, एक दिवेकरवाले. महाराष्ट्रात तेव्हा निवडणुकीसारखा वाद पेटला होता, दिवेकरांचं ऐकून दर दोन तासांनी खायचं की दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच खायचं. डॉ. श्रीकांत जिचकार भाषणांतून जी कल्पना मांडत असत, ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेऊन घरोघरी पोचवली होती. मी दीक्षितवाली झाले, कारण त्यात डबे भरण्याची कटकट नव्हती. त्यांच्या अटी स्पष्ट आहेत: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचं, गोड कमीतकमी, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं, आणि सुरुवातीलाच एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासून घ्यायचं. यातला ५५ हा आकडा तेवढा माझ्या लक्षात राहिला.

मी घड्याळ ताटाशेजारी ठेवून जेवायला बसू लागले. ५५ मिनिटं हा फार मोठा वेळ असतो, हे तोवर माहीत नव्हतं. चार पोळ्या, भाजी, वरण-भात होऊनही अर्धा तास उरायचा. मग काल उरलेलं श्रीखंड, एखादा पापड, पुन्हा थोडा भात. ‘अजून नऊ मिनिटं आहेत’ म्हणून मी कणकेचा शिरा परतून घेतल्याचं मला स्वच्छ आठवतं. सासूबाई समोर बसून हे बघत होत्या. म्हणाल्या, ‘परीक्षेले बसली काय वं तू? पेपर टाक आता.’

पहिल्या पंधरवड्यात तरीही तीन किलो उतरले आणि मी शाखेत पेढे वाटले. खरोखरचे पेढे. पुढे कळलं ते असं: शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा करून ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाण्याच्या वेळा आवळल्या की तो साठा उतरतो, पाणी जातं, काटा खाली येतो. चरबी जागच्या जागी. पुढचे दोन महिने काटा तसूभर हलला नाही, आणि ‘हे माझ्या प्रकृतीला मानवत नाही’ असा निकाल देऊन मी ते सोडलं. तपासण्या केल्या नव्हत्या, चालले नव्हते, गोड सोडलं नव्हतं. ज्यांनी ते नीट पाळलं, त्यांतल्या काहींची साखर आटोक्यात आलेली मी पाहिली आहे. त्यामुळे त्या पद्धतीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. मी ती केलेलीच नाही.

मग चालायचं ठरलं. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट पहाटे फार सुरेख दिसतो. मी आणि शेजारच्या वहिनी पहाटे निघायचो, घाट उतरायचो, आणि खाली काळीपिवळी मिळाली की बसून परत वर. चढताना दम लागतो, उतरताना गप्पा मारता येतात, असं आमचं साधं गणित. उतरणीला दर पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर आदळतो आणि मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत तो पेलत असतो, हे ७५ किलोच्या बाईने आधी विचारून घ्यायला हवं होतं. पावसाळा येईतो माझा उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरायला लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ऐकलं आणि त्या काही वेळ नुसत्या बघत राहिल्या. ‘मॅडम, उलटं तरी करायचं. चढून जायचं आणि गाडीने उतरायचं.’

(घाट सोडताना घरी मी अस्वलांचं कारण सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. ज्ञानगंगा अभयारण्याच्या या पट्ट्यात अस्वलं आहेतच. २०१९मध्ये तर टिपेश्वरहून निघालेला वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन फिरत फिरत तिथे मुक्कामाला आला. तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला म्हणतात. आमच्या शाखेत स्मार्ट घड्याळाची टूम निघाली तेव्हा एका सहकाऱ्याने त्या वाघाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवला होता.)

गुडघा दुखतोय तर खाण्यात प्रथिनं वाढवा, असं कुठेतरी वाचलं. आता आमचा जिल्हा म्हणजे सोयाबीनचा. चिखली-मेहकर भागात खरिपात जिकडे बघाल तिकडे तेच. दिराच्या शेतातलं पोतं घरात उभं होतं. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३६च्या वर प्रथिनं, तुरीच्या डाळीच्या दीडपट, आणि आम्ही ते पोत्याने बाजार समितीत घालून त्याच पैशांत पिशवीतलं तेल आणतो. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. पैलवान हरभरे भिजवून खातात, तसं मी वाटीभर सोयाबीन रात्री भिजत घातलं आणि सकाळी कच्चंच चावून चावून खाल्लं. चव कडवट, हिरवट, वास कच्च्या शेंगेचा. औषध म्हणून गिळलं. तीन-चार दिवस चाललं असेल. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, कळा यायला लागल्या, काउंटरवर बसवेना. दीर हसून हसून बेजार. ‘वहिनी, आम्ही जनावरालेही कच्चं जास्त देत नाही, आन् तुम्ही वाटी वाटी खाता?’ कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या विकराला अडवणारा एक घटक असतो. उष्णता लागली की तो निकामी होतो, म्हणून सोयाबीन शिजवून किंवा भाजूनच खायचं असतं. म्हणजे मी प्रथिनांसाठी जे खात होते, ते प्रथिनं पचू देत नव्हतं. आता दहा किलो गव्हात किलोभर भाजलेलं सोयाबीन घालून दळून आणते. एवढं एक त्या फजितीतून घरात टिकलं.

आषाढी करून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यावर माणसांचा पूर लोटतो. सतरा-अठरा किलोमीटरची वाट. एका वर्षी मीही गेले. देवासाठी गेले असं सांगितलं, पण निघताना मनात हिशेब चालू होता: एवढं चालायचं म्हणजे हजारेक कॅलरी सहज.

त्या वाटेवरून जो कधी चाललाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. खामगाव सोडलं नाही तोच पहिला मंडप. चहा. मना केलं तर सेवेकऱ्याचा चेहरा पडतो, म्हणून घेतला. थोडं पुढे केळी. मग पोहे, मग साबुदाण्याची खिचडी, मग शिरा, मग एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून द्रोणात बुंदी. कुणी कंपन्यांचं नाही, सगळी साधी माणसं, वर्षभर पैसे साठवून हे करणारी. एक म्हातारा माणूस घमेल्यातून गुळाचा खडा आणि फुटाणे देत होता. हात पुढे केला नाही तर तो स्वतः पाठीमागे यायचा. ‘माउली, माउली, रिकाम्या नका जाऊ.’ माझ्या पुढे एक सत्तरीची बाई अनवाणी चालत होती, पदरात बांधलेली भाकर वाटेत बसून खाल्ली, पाणी प्यायली आणि उठून पुन्हा चालायला लागली. मंडपाकडे तिने बघितलंही नाही. मी मात्र प्रसाद नाकारायचा नाही या सबबीखाली एकही मंडप चुकवला नाही. शेगावात पोचल्यावर दर्शन झालं आणि स्टेशनकडे कचोरी झाली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५०च्या सुमाराला या स्टेशनावर विकायला सुरुवात केलेली ती कचोरी, गरम, सोबत तळलेली मिरची. एवढं चाललोय तर एक चालते, आणि एक चालते तर दोन का नाही.

दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर. मी अक्षरशः रडले. आता वाटतं, त्यातली चरबी मूठभरही नसेल. सवय नसताना एवढं चाललं की स्नायू सुजतात, पाणी धरतात, त्यात दिवसभराचं मीठ. चार दिवसांत ते आपोआप उतरतं. पण मी चार दिवस थांबणारी नव्हते. ‘चालून वजन वाढतं’ असं जाहीर करून मी चालणंच बंद केलं. काटा रोज बघायचा आणि रोजच्या आकड्यावर निकाल द्यायचा, ही सवय माझ्या नोकरीची. कॅश रोजच्या रोज जुळली पाहिजे. शरीर रोजच्या रोज जुळत नाही.

आता केसांकडे येते.

२०२४च्या डिसेंबरात भाचीचं लग्न ठरलं, चिखलीला. व्रताला उद्यापनाची तारीख मिळाली. नवरात्रात आमच्याकडे उठता-बसता उपवास असतो, मी नऊही दिवस धरले. दसऱ्याला सगळ्यांनी सोडले, मी सोडलेच नाहीत. ओळखीच्या एकीकडून शेकच्या पावडरीचा डबा आणला होता. डब्याला दोष देत नाही, त्याला जेवण समजायचं हे मी ठरवलं. सकाळी तो शेक, दुपारी काकडी आणि पातळ ताक, रात्री मुगाचं पाणी. दिवसाला सहा-सातशे कॅलरी होत असतील नसतील. सासूबाई रोज ताट वाढून ठेवायच्या आणि रोज झाकून ठेवायच्या. ‘काहून वं, जेवत काहून नाईस? घरातले दाने सरले काय?’ मी म्हणायचे, बँकेत खाल्लं.

काटा पडायला लागला तसा मला चेव चढला. हातपाय गार पडायचे, संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे. एके दिवशी कॅश जुळेना. पाचशेच्या नोटांच्या थप्प्या पुन्हा पुन्हा मोजल्या. मशीनने मोजलं, हाताने मोजलं, शेवटी दोन हजार कमी ते कमीच. कुणालातरी चार नोटा जास्त दिल्या गेल्या होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. खिशातून भरले आणि घरी सांगितलं नाही. उपाशी माणसाच्या हातून मोजणी चुकते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आलं ते एवढंच, की नऊ किलो उतरलेत आणि ब्लाउज आत घ्यायला टाकायचाय.

लग्नात मी मिरवले. ‘किती बारीक झालीस गं’, ‘काय खातेस सांग ना’, ‘ओळखलंच नाही’. एका मावशींनी मात्र हात धरून विचारलं, ‘बरी आहेस ना? चेहरा उतरलाय.’ मला त्यांचा राग आला. पंगतीला बसले, बुंदी घेतली, मठ्ठा घेतला, जिलबी घेतली, आणि त्या दिवसापासून दोन महिन्यांची सगळी थकबाकी वसूल करायला लागले.

जानेवारीत न्हाणीत केसांचा गुंता सापडायला लागला. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग नुसता हात फिरवला तरी मुठीत. आणि नेमका तोच महिना होता, जेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या बातम्यांत होतं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडत होतं, लहान पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत. पाण्याचे नमुने गेले, त्वचेचे गेले, आयसीएमआरची पथकं आली. पुढे विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं.

माझ्यासाठी कारण तयारच होतं. शाखेत सगळे विचारत, ‘मॅडम, शेगावला गेला होतात का?’ मी म्हणे, हो, महिन्यापूर्वीच. घरातला नवा गहू मी गोठ्याकडे धाडला. आमच्या दिराच्या शेतातला, घाटावरचा गहू, रेशनशी काही संबंध नसलेला. फिल्टर बदलला. तेल, शिकेकाई, कांद्याचा रस, सगळं. खऱ्या संकटात सापडलेल्या त्या गावांतल्या मुलींकडे लोक बोट दाखवून हसत होते, आणि मी माझ्या हौसेचं दुखणं त्यांच्या दुखण्याच्या आडोशाला नेऊन ठेवलं होतं. आज सांगताना याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्वचेच्या डॉक्टरांनी चार-सहा केस ओढून बघितले, नखं बघितली, डोळ्यांची पापणी खाली करून बघितली. मग विचारलं, ‘दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण?’ मी म्हटलं, काहीच नाही. ‘वजन किती होतं तेव्हा?’ मी सांगितलं. ‘आणि त्यानंतर?’ तेही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

शरीराला अचानक उपासमार झाली की ते आधी चैनीचा खर्च कापतं, आणि केस ही त्याच्या लेखी चैन आहे. वाढीला लागलेले केस एकदम विश्रांतीत जातात, पण गळायला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे ज्या दिवशी केस गळतात त्या दिवशी काय खाल्लं हे शोधून उपयोग नसतो, मागे जाऊन बघावं लागतं. ऑक्टोबरातला उपास जानेवारीत न्हाणीत वाहत होता. मुळं शाबूत आहेत, परत येतील, असं त्यांनी सांगितलं, आणि ते आलेही, बारीक, उभे, भांगात शेंडीसारखे. रक्तात लोहाचा साठा तळाला गेलेला निघाला.

होळीपर्यंत नऊच्या नऊ किलो परतले, वर दोन घेऊन. त्यांतली आणखी एक गोम फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावून दिली. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि खाऊन जे परत येतं त्यात चरबीच जास्त असते. म्हणजे काट्यावर आकडा जवळपास तोच, पण बाई आधीपेक्षा कमजोर. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. मला उठता आलं नाही. वय एकावन्न. सासूबाई बहात्तरीच्या, जमिनीवर मांडी घालून बसतात आणि चूल सारवल्यासारख्या सहज उठतात.

त्यानंतर मी पहिल्यांदा मला येतं ते काम केलं: हिशेब. घरात माणसं पाच. महिन्याला तेलाचा पाच किलोंचा डबा आणि वर दोन पिशव्या, म्हणजे सात किलो. माणशी रोज ४६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकात बैठं काम करणाऱ्या बाईला तेलतूप मिळून २० ग्रॅम धरलंय. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. वीस ग्रॅम कमी केलं तर रोजच्या १८० वाचतात, आणि किलोभर चरबीला साधारण ७७०० लागतात. म्हणजे कागदावर दीड महिन्याला एक किलो, उपवास न करता. पोह्याच्या चमच्याने नव्हे, मोठ्या चमच्याने एक चमचा तेल उतरवायला मला दोन किलोमीटरांच्या वर चालावं लागतं, हेही तेव्हाच मांडून पाहिलं. तेवढ्याने फोडणीकडे बघायची दृष्टी बदलली.

सासूबाईंशी यावरून जे झालं ते थोडक्यात सांगते. पळी काढून मी चमचा ठेवला, त्यांनी चमचा काढून पळी ठेवली, असं बरेच दिवस चाललं. ‘वांग्याले तेल पाजल्याबिगर वांगं बोलत नाई’ हे त्यांचं म्हणणं. मग मीच एक तारखेला डबा तारीख घालून त्यांच्या ताब्यात दिला आणि हा महिनाभर पुरवायचा असं सांगितलं. तेव्हापासून चमच्यावर त्यांचाच पहारा. माझ्या हातून तेलाची धार जरा जास्त पडली की ओरडा बसतो. माझ्या उरल्यासुरल्यावर त्यांनीच आणखी एक इलाज केला. मुलांच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळचा भात हे ‘टाकायचं कसं’ म्हणून मी उभ्या उभ्या खायचे, आणि ते कुठल्याच हिशेबात धरत नव्हते. त्यांनी कणीकच कमी भिजवायला सुरुवात केली.

बाकी सांगण्यासारखं फार नाही. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकर आणि घट्ट वरण, सकाळी दोन अंडी किंवा उसळ. संध्याकाळी स्कूटी न घेता चढाच्या रस्त्याने घरी. आठवड्यातून दोन दिवस बाईंनी दिलेले व्यायाम, त्यांत खुर्चीतून उठणं-बसणं आहेच. आधी उशी ठेवून जमलं, मग उशीशिवाय. बँकेत सुट्या नाण्यांच्या थैल्या पूर्वी शिपायाला उचलायला सांगायचे, आता मी उचलते, आणि तो माझ्याकडे संशयाने बघतो. काटा महिन्यातून एकदा. कंबर टेपने मोजते, बायकांसाठी ८० सेंटिमीटरची रेघ सांगतात, मी अजून ८९वर आहे. वजन ७०. उद्यापनाची तारीख नसल्यामुळे कुणी ‘बारीक झालीस’ म्हणत नाही. इतकं हळू उतरलं की घरच्यांनाही दिसलं नाही.

मध्ये दोनदा गाडी घसरली. दिवाळीत चकल्या झाल्या, मी मोजल्या नाहीत. पण ‘मोडलं’ म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी भाकरच खाल्ली. शेगावला गेले की कचोरी खाते. एकच, आणि ती गरमच. थंड असली तर नाही.

सध्याचा पेच आंब्याचा आहे. नांदुऱ्याहून भावाने दोन पेट्या पाठवल्यात, सासूबाईंनी रसाबरोबर कुरडया तळायला काढल्यात, आणि लेक म्हणतेय, आई, वाटी मोजून घे. मी मोजायला तयार आहे. फक्त वाटी कुठली, यावर अजून एकमत झालेलं नाही.